काहिलीवरचा तुकडा

शनिवार, १४ मार्च १९३६. चाळीस डॉलर पन्नास सेंट.

त्या दिवशी सें-वाल्बेर गावात, मठाच्या मागच्या दारी, एवढ्या रकमेचा सौदा ठरला. मेपलची साखर दोनशे सत्तर पौंड, दर पौंडाला पंधरा सेंट, पोच ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी. घेणाऱ्या, मठाची कोठी सांभाळणाऱ्या सिस्टर लेआंद्र. देणारी आर्मेलिन रोद्रिग, वय एक्कावन्न, लग्न न झालेली, आणि गावाच्या मते ते होण्याजोगी कधी नव्हतीच.

“मागच्या साली दोन ढेपा तडकलेल्या निघाल्या,” सिस्टर म्हणाल्या.

“घेवड्यात अख्खी ढेप टाकता का तुम्ही? किसूनच घालता ना?” आर्मेलिन म्हणाली.

सिस्टरनी दार लावून घेतले. याचा अर्थ सौदा पक्का झाला, हे आर्मेलिनला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

मठात ऐंशी मुली राहून शिकत. त्यांच्या शुक्रवारच्या घेवड्यात, रविवारच्या टार्टमध्ये, सकाळच्या पावावर साय लावून त्यावर किसून, ईस्टरच्या हॅमवर पाक करून, जी काही गोडी पडे ती आर्मेलिनच्या ढेपेची. दुकानात पांढरी साखर सहा सेंटांना मिळत होती आणि दुकानदार दर वर्षी मठात नमुना पाठवी. पण तिथल्या थोरल्या मदरचे म्हणणे असे, की पांढऱ्या साखरेने पदार्थ गोड होतो, त्याला चव येत नाही. मदर ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्या प्रकृतीची चौकशी गावात सर्वांत जास्त आर्मेलिन करी, आणि ती काही प्रेमापोटी नव्हे.

कारण त्या चाळीस डॉलरांवर तिचे वर्ष उभे होते. रानाचा कर, पीठ, रॉकेल, घोड्याचा चारा. किरकोळ ढेपा गावात जात, पण त्यावर मीठमिरचीच भागे. मठाचा सौदा मोडला तर मेपलचे रान विकण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते घ्यायला गिऱ्हाईक बांधाला बांध लावून बसलेले होते. तिचा सख्खा धाकटा भाऊ, फिलियास.

बापाने मरताना शेत, घर आणि गुरे मुलाला दिली. सहाशे मेपल, साखर करायची खोपी आणि एक घोडा मुलीला. फिलियासच्या मते ही वाटणी चुकीची होती. रान त्याच्या शेताला खेटून होते. लाकडाच्या गिरणीचा माणूस दोनदा येऊन झाडांना हात लावून गेला होता. सहाशे खोडे पाडली की खाली गवत येईल, गवतावर गुरे चरतील, हा हिशेब फिलियासने तोंडपाठ केलेला होता. अडचण एवढीच, की त्या झाडांखाली त्याची बहीण उभी होती.

आता त्या तुकड्याविषयी सांगितले पाहिजे.

मेपलच्या खोडातून झरलेले पाणी आटत आटत शेवटच्या काहिलीत आले, की त्याला उतू जाण्याची घाई होते. क्षणापूर्वी शांत असलेला पाक एकदम फेसाळतो, काठावरून चुलाणात पडतो, आणि दोन दिवसांची मेहनत धूर होऊन जाते. म्हणून काहिलीच्या वर, काठाच्या उंचीला, खारवलेल्या डुकराच्या चरबीचा एक तुकडा दोरीने टांगतात. फेस चढतो, चरबीला लागतो आणि मुकाट खाली बसतो. माणसाने तिथे असण्याची गरज नाही. मात्र साखरेचे दिवस आणि ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ज्यात मांस वर्ज्य, हे नेमके एकत्र येतात. म्हणून त्या भागात रिवाज असा होता, की उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तुकडा उतरवायचा आणि ईस्टर होईपर्यंत काहिलीशी एक माणूस फरच्या झाडाची फांदी घेऊन उभा करायचा. फेस चढला की त्याने फांदी फिरवायची. रोद्रिगांच्या खोपीत आठ वर्षांचा असल्यापासून हे काम फिलियासकडे होते.

बाप गेला त्या पहिल्या वसंतात, १९०६ साली, आर्मेलिनने भावाला बोलावले होते. तो म्हणाला, “मग माझी गुरं कोण बघणार?” तिने पुन्हा विचारले नाही. तिला हात दोन होते. एक जाळाला लागे, एक झाऱ्याला. फांदी धरायला तिसरा नव्हता. त्या वर्षी राखेचा बुधवार आला आणि गेला, तुकडा दोरीवरच राहिला. मग तीस राखेचे बुधवार असेच गेले.

शुक्रवार, २० मार्च. फिलियास खोपीच्या दारात उभा राहिला. बुटांवरचा बर्फ त्याने आत येऊन झटकला.

“एलमिरला टार्ट करायचाय,” तो म्हणाला. एलमिर त्याची बायको. “घरातली साखर संपलीय. एक ढेप दे. उसनी.”

“तीन पौंडांची आहे. पंचेचाळीस सेंट.”

“रविवारी देतो. पळून चाललोय का मी?”

“तू कुठं पळतोस! तू बांधावर बसून माझ्या मरणाची वाट बघतोस.”

तिने फळीवरची ढेप काढून दिली. तेवढ्यात तिच्या पाठीमागे काहील चढली, फेस सरसरत वर आला, तुकड्याला टेकला आणि बसला. तिने वळूनही पाहिले नाही. फिलियासने मात्र पाहिले.

“आर्मेलिन, आज शुक्रवार आहे.”

“बरं मग?”

“उपवासकाळातला शुक्रवार. बाबा तो उतरवायचे.”

“बाबांकडे फांदी धरायला तू होतास.”

त्याने नेहमीचा विषय काढला. “तीनशे देतो रानाचे. रोख. या वयात बादल्या वाहून मरशील एक दिवस.”

“मेले तर झाडाखाली मरेन. तुझ्या गुरांच्या शेणात नाही. दार लाव जाताना.”

त्याने ढेप कोटात घातली आणि दार उघडे टाकून गेला.

रविवारी मिस्सेची प्रार्थना संपली की सें-वाल्बेरची माणसे लगेच घरी जात नसत. चर्चच्या पायऱ्यांवर ओनेझीम बोल्दुक दवंडी देई. हरवलेले वासरू, विकायचा नांगर, दळणाच्या वेळा. जाहीर करायचे असेल त्याने दहा सेंट ओनेझीमच्या टोपीत टाकायचे, मग तो दिलेला मजकूर अक्षरशः वाची. त्या रविवारी त्याचे संपत आले तसा फिलियास खालच्या पायरीवरून ओरडला, दहा सेंट न टाकता.

“ओनेझीम, एक राहिलं बघ! शुक्रवारी कुणाला मांसाची तलफ आली तर माझ्या बहिणीची साखर खा म्हणावं. अख्खं डुक्कर टांगलंय तिनं काहिलीवर. उपासही होतो, पोटही भरतं!”

लोक हसले. आर्मेलिन घोड्याचा लगाम सोडवत होती. तिने गाठ पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. कोणीतरी नाकातून डुकरासारखा आवाज काढला आणि पायऱ्या दुसऱ्यांदा हसल्या. त्या दिवसापासून रस्त्यात तिची गाडी आडवी आली की पुरुष तो आवाज काढू लागले. बायका आवाज काढत नसत. त्या शाली सावरून बाजूला होत.

मंगळवारी मठाचा निरोप आला. मागच्या दाराला जाळी आहे. सिस्टर लेआंद्रनी जाळी उघडली, दार नाही.

“खरंय का ते?”

“काय ते?”

“चरबीचं.”

“खरंय. तीस वर्षं खरंय.”

“तीस!” सिस्टरनी छातीवर क्रूस काढला. “आम्ही शुक्रवारी घेवड्यातून मांसाचा तुकडा वेचून काढतो, आणि त्याचं गोडीत भरून निघावं म्हणून तुझी साखर वाढवून घालतो! म्हणजे आमच्या मुली तीस वर्षं…”

“मुलीच का? तुम्ही घेवडा दोनदा वाढून घेता म्हणतात.”

जाळी बंद झाली. आतून आवाज आला, “साखर नको. दुकानातली पांढरी मागवतो आम्ही.”

मागच्या दारापासून फादर तुर्जोंच्या घरापर्यंत दोनशे पावले आहेत. फादर सूप पीत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि रुमालाने ओठ टिपले.

“तू हे कधी कबुलीत सांगितलं नाहीस.”

“पाप असतं तर सांगितलं असतं, फादर.”

“तसं ते पाप नाहीच,” फादर म्हणाले. “स्वयंपाकात पडलेली चरबी चालते. ती मसाल्यात धरतात, मांसात नव्हे. रोमहून नियम येऊन एकोणीस वर्षं झाली.”

“मग तेवढं रविवारी वेदीवरून सांगा.”

“एका ढेपेसाठी? अगं, सिस्टरांची कोठी त्यांची. त्यात मी बोट घातलं तर मदर वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीत. शांत राहा. लोक विसरतील.”

“लोक विसरेपर्यंत माझं रान फिलियासच्या हातून गिरणीत गेलेलं असेल.”

फादरनी चमचा पुन्हा उचलला. ती उठली.

खोपीत तेव्हा एकशे नव्वद पौंड साखर ढेपा पाडून तयार होती, आणि उरलेल्या ऐंशी पौंडांचा पाक डब्यांत आटवून ठेवलेला होता. तिने जाळ विझू दिला. मग टेबलाशी बसून कागदावर नावे लिहायला घेतली. वही तिने कधी ठेवली नव्हती. पण राखेचा बुधवार ते ईस्टर या दिवसांत तिच्या दारातून गेलेली प्रत्येक ढेप तिला चेहऱ्यासकट आठवत होती. कोणी बाळंतिणीच्या खिरीसाठी नेली, कोणी पॅनकेकसाठी, कोणी उपवासात गोड खात नाही असे सांगून पाठीमागून नेली. बहात्तर नावे झाली.

रविवारी, २९ मार्चला, तिने ओनेझीमच्या टोपीत दहा सेंट टाकले आणि घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला.

“अक्षरशः वाचायचं,” ती म्हणाली.

“मी नेहमी अक्षरशःच वाचतो, बाई.” ओनेझीमने घसा साफ केला. “आर्मेलिन रोद्रिग कळवते, की तिचा भाऊ फिलियास याच्या म्हणण्यानुसार तिची साखर उपवासकाळात खाणं म्हणजे मांस खाणं. भाऊ धर्मातला जाणकार आहे. तरी खालील मंडळींनी येत्या शनिवारी कबुलीला जावं. त्यांनी तीस वर्षांत ही साखर उपवासकाळात नेलेली आहे आणि फुकट नेलेली नाही.”

पायऱ्यांवर प्रथम हशा उठला. मग ओनेझीम नावे वाचू लागला तसा तो एका एका पायरीवरून ओसरत गेला. चर्चच्या विश्वस्ताचे नाव झाले. डॉक्टरच्या बायकोचे झाले. उपवासात फक्त पाव आणि पाणी घेतो असे सांगणाऱ्या लोहाराचे झाले. मागच्या रविवारी डुकराचा आवाज ज्याने काढला होता त्याचेही झाले. त्याने सात ढेपा नेल्या होत्या.

“एलमिर रोद्रिग, फिलियासची बायको. सर्वांत अलीकडे शुक्रवार, वीस मार्चला. नवऱ्यानं स्वतः येऊन नेली.”

“थांबव रे ते!” फिलियास ओरडला.

“दहा सेंट घेतलेत मी,” ओनेझीम म्हणाला आणि पुढची ओळ वाचली. “ओनेझीम बोल्द…” त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. “हे काय गं बाई?”

“अक्षरशः,” आर्मेलिन म्हणाली.

“ओनेझीम बोल्दुक,” तो हळू वाचला. “चार ढेपा.”

“मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

गावात म्हण नव्हती, पण आपल्याकडे आहे, की खाई त्याला खवखवे. शनिवारी दुपारपासून कबुलीच्या खोक्यापुढे रांग लागली. फादर तुर्जों प्रत्येकाला तेच सांगत होते: चरबी चालते, हे पाप नाही. पण प्रत्येकजण, आलोच आहे तर, म्हणून आपली बाकीची पापेही काढून बसत होता. फादर दुपारच्या जेवणाला मुकले आणि रात्रीच्याही.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, त्यांनी वेदीवरून तेच एकदा मोठ्याने सांगितले. चरबी मसाल्यात धरतात, एकोणीस वर्षांपासून. बाहेर पायऱ्यांवर ओनेझीमने अदबीने विचारले, “आणि त्याच्या आधीची अकरा वर्षं, फादर?”

“घरी जा, ओनेझीम,” फादर म्हणाले.

त्याच संध्याकाळी मठातून चिठ्ठी आली. पांढऱ्या साखरेचा टार्ट मदरनी चाखून परत पाठवला होता. मठ साखर घ्यायला तयार होता, मात्र सिस्टर लेआंद्रची एक अट होती. उरलेली ऐंशी पौंड फांदी धरून झाली पाहिजे, आणि फांदी धरणारा दुसरा माणूस असला पाहिजे, जो नंतर येऊन तसे सांगेल. नाहीतर आधीची एकशे नव्वदही नको. सगळी किंवा काहीच नाही. पोच गुरुवारी, ठरल्याप्रमाणे.

ही अट कशासाठी होती ते आर्मेलिनला कळले. दोनदा वाढून घेतलेल्या घेवड्यासाठी होती.

सोमवारी सकाळी ती लोहाराकडे गेली. लोहार म्हणाला, “चारचौघात माझं नाव वाचलंस आणि आता माझा हात मागतेस?” ती विश्वस्ताच्या घरी गेली. विश्वस्ताच्या बायकोने पडदा बाजूला केला, तिला पाहिले आणि पडदा सोडला. तिसऱ्या दारी तिने गाडी थांबवली, पण ती उतरली नाही. बहात्तर घरे तिने एका कागदावर घालवली होती. त्र्याहत्तरावे घर सें-वाल्बेरमध्ये तिला माहीत नव्हते.

परत येऊन तिने जाळ घातला. तुकडा दोरीवरून उतरवला आणि खिळ्याला अडकवला. पाक काहिलीत ओतला, एका हातात झारा घेतला, एका हातात फांदी, आणि तिसऱ्या हाताचे काय करायचे याचा विचार करत उभी राहिली.

दार उघडले. फिलियास आत आला. त्याच्या हातात फरची ताजी फांदी होती. बूट त्याने या वेळी बाहेर झटकले होते.

“तुझ्यासाठी नाही आलो,” तो म्हणाला. “फादरनी पाठवलंय. प्रायश्चित्त म्हणून.”

“किती दिवसांचं?”

“फादर या गावात आहेत तोवर. दर उपवासकाळात. म्हणाले, तू एक वाक्य बोललास आणि मला बहात्तर माणसांची पापं ऐकावी लागली.”

“तीस वर्षं उशीर झाला तुला.”

“गुरं होती माझी.”

“गुरं मेली ती सगळी. दुसरी आली. डाव्या बाजूला उभा राहा, उजवी माझी आहे.”

तो डाव्या बाजूला उभा राहिला. जाळ चढला. काहिलीत मोठे बुडबुडे बारीक झाले, पिवळे झाले, आणि फेस उठायच्या आधी, अगदी एका श्वासाच्या आधी, फिलियासचा हात हलला. फांदी काठाकाठाने एकदा फिरली. फेस बसला. आर्मेलिनने ते पाहिले. आठ वर्षांचा असताना त्याचा हात असाच हले, फांदीचा शेंडा बाहेरच्या बाजूला वळवून. तिने पाकाचा थेंब बर्फावर टाकला, बोटाने दाबला आणि काहील उतरवली.

पाक घोटून साच्यांत भरताना तो म्हणाला, “चारशे देतो रानाचे.”

“फांदीवर लक्ष ठेव.”

“काहील खाली आहे.”

“मग तोंडावर ठेव.”

सोमवार असा गेला, मंगळवारही तसाच. मंगळवारी शेवटची ढेप साच्यातून सुटली तेव्हा ऐंशी पौंड पूर्ण भरले. फिलियासने फांदी कोपऱ्यात टाकली आणि टोपी घातली. तो दाराबाहेर पडायच्या आत आर्मेलिनने खिळ्यावरचा तुकडा काढला आणि त्याच्यादेखत, सावकाश, दुहेरी गाठ मारून पुन्हा दोरीला बांधला.

“हे काय?”

“मठाची झाली. आता माझी.”

गुरुवारी मठाच्या दारी फिलियासने साक्ष दिली. सिस्टर लेआंद्रनी ढेपा एकेक करून मोजल्या, दोन तडकलेल्या निघाल्या, त्यांचे त्यांनी काही काढले नाही. चाळीस डॉलर पन्नास सेंट मिळाले. रान राहिले.

बहात्तर घरांपैकी एकाही घराने त्यानंतर आर्मेलिनकडून ढेप घेतली नाही. त्या घरांतले टार्ट पांढऱ्या साखरेचे होऊ लागले आणि सणाला आलेले पाहुणे एकदा वाढून घेऊन थांबू लागले. रस्त्यात डुकराचा आवाज पुन्हा कोणी काढला नाही. कोणी कसलाच आवाज काढला नाही. मीठमिरचीचे पैसे ती त्या वर्षापासून अंडी विकून दुसऱ्या गावात मिळवू लागली.

फादर तुर्जों सें-वाल्बेरला आणखी अकरा वर्षे होते. अकरा उपवासकाळ फिलियास फांदी घेऊन डाव्या बाजूला उभा राहिला. दर वर्षी तो रानाला भाव सांगे, दर वर्षी शंभर डॉलर वाढवून, आणि ती त्याला फांदीवर लक्ष ठेवायला सांगे. याखेरीज दोघांत बोलणे नव्हते. १९४७ साली फादरांची बदली झाली. पुढच्या राखेच्या बुधवारी तो आला नाही, आणि तिने तुकडा उतरवला नाही.

२० मार्च १९३६ ला उसनी नेलेली तीन पौंडांची ढेप फिलियासने परत केलेली नाही. पंचेचाळीस सेंट त्याच्याकडून येणे आहेत.